ब्रँडचा मालक बदलला, मग साइटची हमी कोणाकडे गेली?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात होटगी रस्त्याला दहा मीटर एअर रायफलचा छोटा वर्ग चालवणाऱ्या एका प्रशिक्षकांनी चार वर्षांपूर्वी पुण्याच्या विक्रेत्याकडून एका युरोपीय ब्रँडच्या दोन मागच्या साइट (नेम धरताना डोळ्याजवळ येणारे, रायफलीवर बसवायचे साधन) आणि त्यांचे आयरिस, म्हणजे लहानमोठे करता येणारे पाहण्याचे छिद्र, घेतले. सोबत नळीखाली बसवायचा आणि नेमबाजाच्या हाताची थरथर संगणकावर रेषेने दाखवणारा एक सेन्सरही घेतला. साइटच्या डब्यात ‘आजीवन हमी’चे कार्ड होते. गेल्या वर्षी तो ब्रँड दुसऱ्या कंपनीने विकत घेतला. आता एका साइटच्या क्लिकमध्ये, म्हणजे स्क्रू फिरवून नेम सरकवण्याच्या टप्प्यांमध्ये, ढिलाई आली आहे आणि सेन्सरचे सॉफ्टवेअर नव्या लॅपटॉपवर चालू होत नाही. विक्रेता म्हणतो की जुनी कंपनीच राहिली नाही. नव्या कंपनीला पाठवलेल्या दोन पत्रांना एकच उत्तर आले, की या अनुक्रमांकाची नोंद आमच्याकडे नाही. नाव तेच आहे, चिन्हही तेच आहे, मग हमी कुठे गेली आणि आता करायचे काय, असे ते विचारतात.

मी गेली २७ वर्षे साइट, दुर्बिणी आणि एअर रायफलचे सील दुरुस्त करण्याचे काम करतो, आणि या काळात मालक बदललेले ब्रँड माझ्या टेबलावर इतक्या वेळा आले आहेत की तुमचे पत्र वाचताना पुढची ओळ काय असेल हे मला आधीच कळत होते. नाव आणि जबाबदारी या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्या वेगवेगळ्या विकता येतात, हे आधी लक्षात घ्यावे लागते. नवी पेठेतले एखादे दुकान पाटीसकट विकले गेले, तर जुन्या मालकाच्या देण्याघेण्याच्या वहीचे काय झाले हे खरेदीखतात पाहावे लागते, पाटीवर ते लिहिलेले नसते. हमी ही त्या वहीतली नोंद आहे. पाटी ओळखीची दिसली म्हणून वहीही तिच्याबरोबर आली असेल असे आपण गृहीत धरतो, आणि तिथेच फसतो.

विक्रीचे प्रकार मुख्यतः दोन. पहिल्या प्रकारात कंपनीचे भागभांडवल विकले जाते, म्हणजे कंपनी जशीच्या तशी राहते आणि फक्त तिचे मालक बदलतात. अशा वेळी तिने पूर्वी दिलेली हमी तिच्यावरच राहते, कारण वचन देणारी कायदेशीर व्यक्ती बदललेलीच नसते. दुसऱ्या प्रकारात कंपनी विकली जात नाही, तिच्या मालमत्तेतून निवडक गोष्टी उचलल्या जातात: नाव, आराखडे, साचे, यंत्रे, गोदामातला माल. जबाबदाऱ्यांपैकी कोणत्या घ्यायच्या आणि कोणत्या मागे ठेवायच्या हे खरेदीदार करारात ठरवतो, आणि विकलेल्या मालाची हमी ही मागे ठेवायला सर्वांत सोपी जबाबदारी असते. विकणारी कंपनी दिवाळखोरीत असेल तर हे आणखी ठळक होते. अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्याच्या कलम ३६३ नुसार न्यायालयाच्या परवानगीने मालमत्ता जुन्या बोज्यांपासून मुक्त करून विकता येते. आपल्याकडेही दिवाळखोरी संहितेखाली मंजूर झालेल्या आराखड्यात ज्या देण्यांचा समावेश नाही ती संपुष्टात येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये घनश्याम मिश्रा प्रकरणात स्पष्ट केले आहे. जर्मनीच्या व्यापारी संहितेचे कलम २५ मात्र थोडे ग्राहकाच्या बाजूने झुकते. चालू धंदा घेऊन तो त्याच नावाने पुढे चालवणाऱ्यावर जुन्या धंद्याची देणी येतात. फक्त त्या देण्यांना नकार दिल्याची नोंद व्यापारी नोंदवहीत केली असेल, किंवा धंदा दिवाळखोरीच्या व्यवस्थापकाकडून घेतला असेल, तर ती येत नाहीत. तुमचा ब्रँड जर्मन असेल तर पत्रात या कलमाचा उल्लेख एका ओळीत जरूर करावा. त्याने पैसे परत मिळतीलच असे नाही, पण पत्र साच्यातले उत्तर देणाऱ्या कारकुनाकडून उठून वरच्या टेबलावर जाते, असा माझा अनुभव आहे.

आपल्या धंद्यातले सर्वांत स्वच्छ उदाहरण मार्लिन या अमेरिकी रायफल-ब्रँडचे आहे. तो ज्या रेमिंग्टन आउटडोअर कंपनीकडे होता ती २०२० मध्ये दुसऱ्यांदा दिवाळखोरीत गेली, आणि त्या वर्षी सप्टेंबरात अलाबामातील न्यायालयाने तिचे तुकडे करून विकायला मंजुरी दिली. काडतुसांचा धंदा व्हिस्टा आउटडोअरकडे गेला, बार्न्सच्या गोळ्या सिएराकडे, बुशमास्टर हे नाव फ्रँकलिन आर्मरीकडे, ‘एएसी’ हा सायलेन्सरचा ब्रँड जेजेई कॅपिटलकडे, आणि मार्लिन सुमारे २ कोटी ८३ लाख डॉलरना स्टर्म रुगर या बंदुका बनवणाऱ्या कंपनीकडे. रुगरने यंत्रे आणि आराखडे आपल्या कारखान्यात नेले, वर्षभर खपून रायफल नव्याने उभी केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये पहिला माल बाहेर काढला. त्या रायफलींचा अनुक्रमांक ‘आरएम’ या अक्षरांनी सुरू होतो. त्याआधीच्या, रेमिंग्टनच्या काळात बनलेल्या मार्लिनची दुरुस्ती आणि सुटे भाग आपण देत नाही, असे रुगरने सरळ सांगून टाकले. नाव एक आणि मालाला मागणीही एकच, पण दोन अक्षरांच्या अलीकडे हमी नाही आणि पलीकडे आहे. मला यात रुगरचा दोष दिसत नाही. दुसऱ्याच्या कारखान्यात, दुसऱ्याच्या मापांनी बनलेल्या वस्तूची जबाबदारी घेणे म्हणजे न पाहिलेल्या हिशेबावर सही करणे आहे. तुम्हाला आलेल्या ‘नोंद आमच्याकडे नाही’ या उत्तराचा अर्थही बहुधा हाच आहे: नव्या मालकाने अनुक्रमांकांची एक रेघ आखली आहे आणि तुमची साइट तिच्या अलीकडे पडली आहे.

दुर्बिणींमध्ये रेडफील्डचे उदाहरण जुने पण बोलके आहे. डेन्व्हरमधली ही कंपनी १९०९ पासूनची, आणि तिच्या दुर्बिणी एके काळी अमेरिकी शिकाऱ्यांच्या खास आवडीच्या. १९९८ मध्ये डेन्व्हरचा कारखाना बंद पडला आणि नाव हातोहात फिरत मीड या खगोलदुर्बिणी बनवणाऱ्या कंपनीकडे गेले. मीडने २००८ मध्ये हात आखडते घेतले तेव्हा रेडफील्ड लिओपोल्ड या दुर्बिणींच्या कंपनीकडे, आणि मीडकडचे दुर्बिणींचे दुसरे दोन ब्रँड, वीव्हर एटीके कंपनीकडे आणि सिमन्स बुशनेलकडे, अशी वाटणी झाली. लिओपोल्डने नव्याने बनवलेल्या रेडफील्डला आपली हमी दिली. डेन्व्हरच्या जुन्या दुर्बिणी मात्र अमेरिकेतल्या स्वतंत्र कारागिरांच्याच हातात राहिल्या, आणि ते कारागीर मोडलेल्या दुर्बिणींतून भाग काढून त्या आजही चालत्या ठेवतात.

मालक बदलला की माल वाऱ्यावर पडतोच असे मात्र नाही. क्रिमसन ट्रेस हा लेझर-साइटचा ब्रँड २०१६ मध्ये स्मिथ अँड वेसनने साडेनऊ कोटी डॉलरना घेतला आणि २०२० मध्ये तो अमेरिकन आउटडोअर ब्रँड्स या वेगळ्या केलेल्या कंपनीत गेला. बुशनेल या दुर्बिणींच्या ब्रँडचे तर विचारूच नका. २०१३ मध्ये ते एटीकेकडे आले, २०१५ मध्ये त्यातून फुटून निघालेल्या व्हिस्टाकडे गेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये व्हिस्टाच्या उरलेल्या भागासह एका गुंतवणूक कंपनीकडे. या दोन्ही ठिकाणी चालता धंदा अखंड पुढे सरकला. म्हणून एखादा ब्रँड विकला गेल्याची बातमी आली की मी किंमत पाहत नाही. कारखाना, कामगार आणि दुरुस्तीचा विभाग बरोबर गेला की फक्त नाव गेले, एवढेच मी पाहतो. कारखाना तिथेच आणि फोन उचलणारा माणूसही तोच असेल तर सहसा घाबरण्याचे कारण नसते. बातमीत ‘ब्रँड आणि बौद्धिक संपदा’ एवढेच शब्द असतील, तर हातातला माल अनाथ झाला असे समजून पुढची पावले टाकावीत.

यात एक काळाचा हिशेब आहे, आणि तुमच्या बाबतीत तोच सर्वांत महत्त्वाचा ठरेल. विक्रीनंतर पहिले काही महिने जुनी माणसे बहुधा कामावर असतात, कारण हस्तांतर सुरळीत व्हावे म्हणून दोन्ही बाजूंनी तसा करार केलेला असतो. या काळात दुरुस्ती-विभागातल्या माणसाला मॉडेल पाठ असते, कोणत्या वर्षी स्प्रिंग बदलली हे त्याला माहीत असते, आणि तो दोन स्प्रिंगा पाकिटात घालून पाठवूनही देतो. मग गोदामाची मोजदाद होते. वर्षात ज्या भागांना चार मागण्या आल्या ते भाग हिशेबाच्या दृष्टीने जागा अडवणारे ठरतात आणि भंगारात निघतात. त्यानंतर दुरुस्ती-विभाग दुसऱ्या गावी हलतो, जुनी माणसे त्याच्याबरोबर जात नाहीत, आणि शेवटी छापील यादीतून मॉडेलच नाहीसे होते. हा क्रम मी निदान सहा-सात ब्रँडमध्ये पाहिला आहे. तुमच्या ब्रँडची विक्री होऊन वर्ष झाले असेल तर पहिली खिडकी बंद झाली आहे, पण गोदामाची झाडलोट कदाचित अजून बाकी असेल. म्हणून हमीचा वाद बाजूला ठेवून आजच्या आज वेगळे पत्र लिहा आणि भाग विकत मागा. ‘हमीत दुरुस्त करून द्या’ म्हटले की नकार द्यायला त्यांच्याकडे कारण असते. ‘अमुक मॉडेलची क्लिकची स्प्रिंग, तिच्यावरची धातूची बारीक गोळी आणि उंचीचा स्क्रू प्रत्येकी चार नग विकत हवेत’ म्हटले की तो गिऱ्हाईकाचा साधा प्रश्न होतो आणि त्याला बऱ्याचदा उत्तर मिळते.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी सैन्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची पॉइंट टू-टू रायफलवरची दुर्बीण माझ्याकडे आली होती. तिच्यात धुके धरत होते. कार्डावर आजीवन हमी होती, आणि ब्रँडचा मालक बदलल्याचे मी कुठेतरी वाचलेही होते, पण नाव चालू आहे म्हणजे हमीही चालू असणार असे त्यांना छातीठोकपणे सांगून मी ती कार्डावरच्या पत्त्यावर पाठवून दिली. सात महिन्यांनी ती न उघडता परत आली. वरून, पाठवताना दुरुस्तीसाठी निर्यात असे कागद मी केले नव्हते, त्यामुळे कस्टम्सने ती नवी आयात समजून तिच्यावर शुल्क लावले. ते शुल्क मी खिशातून भरले आणि त्या गृहस्थांनी मला एका शब्दाने बोलून दाखवले नाही, याची खंत मला शुल्कापेक्षा जास्त वाटली. तेव्हापासून माझा नियम असा, की समोरच्या कंपनीकडून ‘हा अनुक्रमांक आम्ही स्वीकारतो’ असे लेखी आल्याशिवाय वस्तू देशाबाहेर जाऊ द्यायची नाही. ती गेलीच तर दुरुस्तीसाठी निर्यात अशीच नोंद करून जावी, म्हणजे परत येताना शुल्क दुरुस्तीचा खर्च, विमा आणि वाहतूक एवढ्यावरच लागते. शस्त्रावर बसणाऱ्या दुर्बिणीला निर्यातीची परवानगी लागते का, हे कस्टम्सच्या दलालाला आधी विचारून घ्यावे. अमेरिकेतूनही अशा दुर्बिणी बाहेर पाठवायला तिथल्या निर्यात-नियमांचे बंधन आहे. म्हणूनच तिथल्या कंपन्या परदेशी ग्राहकाला ‘तुमच्या देशातल्या वितरकाशी बोला’ असे सांगतात. ते दर वेळी टाळाटाळ करण्यासाठीच असते असे समजू नये.

आता तुमच्या वस्तूंकडे वळतो, कारण कोणत्या वस्तूला मूळ कंपनीची खरोखर गरज आहे आणि कोणत्या वस्तूला नाही हे वेगळे केले की अर्धी चिंता मिटते.

मागची साइट हे शेवटी लोखंड आणि ॲल्युमिनियम आहे. क्लिकमधली ढिलाई बहुतेक वेळा गोळीखालची स्प्रिंग थकल्याने किंवा स्क्रूच्या आट्यांत मळलेले ग्रीस साचल्याने येते. आपल्याकडे मार्च ते जूनमधली धूळ आणि ४२ अंशांच्या पुढचे ऊन मिळून ग्रीसचे जे करतात ते युरोपातल्या आराखडाकाराच्या स्वप्नातही आलेले नसते. दहा मीटरच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे क्लिक फिरवल्यावर साइट कधी हलते आणि कधी हलत नाही अशी अवस्था चालवून घेता येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण ही दुरुस्ती सोलापुरात होते. माझे वडील गिरणीत फिटर होते. लँकेशायरच्या कारखान्यांनी माग बनवणे कधीच सोडले होते, तरी गिरणीच्या वर्कशॉपमध्ये त्या मागांचे भाग ओतून, तासून आणि घासून माग वर्षानुवर्षे चालत राहिले. या गावात आजही पॉवरलूमसाठी बारीक भाग करणारे लेथवाले आहेत, आणि स्क्रूच्या आट्यांचे माप घेऊन त्यांच्यापुढे ठेवले तर साइटचा स्क्रू करणे त्यांना अवघड नाही. कंपनीच्या शिक्क्याची यात गरज नाही. मापे चोख हवीत एवढेच.

दुसरी सोय प्रमाणित मापांची आहे. एअर रायफलवरची साइट ११ मिलिमीटरच्या पट्टीवर सरकते, आयरिसचा आटा बहुतेक मोठ्या कंपन्यांत साडेनऊ मिलिमीटर व्यासाचा आणि एक मिलिमीटर अंतराचा असतो, आणि पुढच्या साइटच्या रिंगा १८ किंवा २२ मिलिमीटरच्या. ही मापे कोणा एका कंपनीच्या मालकीची नाहीत. उद्या तुमचा ब्रँड पूर्ण नाहीसा झाला तरी दुसऱ्या कंपनीचा आयरिस तुमच्या साइटवर बसेल. यापुढे खरेदी करताना विद्यार्थ्यांच्या पालकांना हेच सांगा: नाव दुय्यम आहे, आटा आणि पट्टी प्रमाणित मापाची आहे का ते आधी विचारा. स्वप्नील कुसाळेच्या पॅरिसमधल्या कांस्यपदकानंतर आपल्या भागात नवी पोरे रेंजवर येऊ लागली आहेत आणि त्यांचे पालक हौसेने सर्वांत महाग डबा उचलतात. त्या डब्यातला एखादा भाग फक्त त्याच कंपनीच्या मापाचा असेल तर पुढे सगळा डबा त्या एका भागावर अडकतो.

दुर्बीण याच्या उलट. तिच्या नळीत कोरडा नायट्रोजन भरलेला असतो आणि तो ओ-रिंगांनी, म्हणजे रबरी कड्यांनी, अडवलेला असतो. उघडली की तो गेला. कोणी ‘साफ करून देतो’ म्हणाले तर नायट्रोजन भरायची सोय आहे का एवढेच विचारा, आणि उत्तर अडखळत आले तर दुर्बीण परत घेऊन या.

सेन्सरची गोष्ट मला सर्वांत चिंतेची वाटते. त्याचे सुटे भाग मिळतात की नाही हा तिथे प्रश्नच नाही. त्याचे सॉफ्टवेअर नव्या लॅपटॉपवर बसताना कंपनीच्या संगणकाकडून परवानगी मागते, आणि तो संगणक चालू ठेवण्यात नव्या मालकाला रस नसेल तर धडधाकट वस्तू एका रात्रीत निकामी होते. लोखंडाच्या बाबतीत जुना मालक गेला तरी वस्तू आपल्या हातात राहते. इथे वस्तूचा जीव दुसऱ्याच्या घरी ठेवलेला आहे. जुना लॅपटॉप अजून चालत असेल तर तो विकू नका, त्याची प्रणाली अद्ययावत करू नका, आणि त्याच्या संपूर्ण डिस्कची प्रत करून ठेवा. सॉफ्टवेअरची बसवायची फाइल आणि परवान्याचा क्रमांक वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. मुलांच्या नोंदी कंपनीच्या खात्यात साठवल्या जात असतील तर त्या लगेच उतरवून घ्या, कारण खाती नव्या मालकाकडे नेताना ‘संमती द्या, नाहीतर खाते बंद होईल’ असा संदेश येतो आणि तो बहुतेक वेळा न वाचता पुसला जातो. नव्या कंपनीकडे फक्त एवढेच मागा, की एकदाच चालणारी, इंटरनेटविना बसणारी परवानगी-फाइल द्या. त्यांना त्यात खर्च नाही, आणि ही मागणी मान्य झालेली मी पाहिली आहे.

तुम्ही एअर सिलिंडरबद्दल, म्हणजे रायफलीला दाबाची हवा पुरवणाऱ्या नळकांड्याबद्दल, विचारले नाही, पण मी सांगणार, कारण मालकबदलाच्या गोंधळात हीच वस्तू सुटून जाते. सिलिंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते आणि जर्मन उत्पादक साधारण १० वर्षांची मुदत देतात. सिलिंडर मुदतीत असणे ही नेमबाजाची स्वतःची जबाबदारी आहे असा आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचा नियम आहे. ब्रँड विकला गेला, जुना वितरक गेला आणि नवा अजून आला नाही, की लोक ‘बाहेरून तर चांगला दिसतो’ म्हणून मुदत संपलेला सिलिंडर भरत राहतात. २५ अंशांना २०० बारपर्यंत भरलेला सिलिंडर मे महिन्यात बंद गाडीत ६० अंशांना पोचला तर आतला दाब २२० च्या पुढे जातो. सोलापूरच्या उन्हात ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. साइटला मी लेथवाल्याकडे पाठवीन, सिलिंडरला कधीही नाही. त्याला मूळ उत्पादक किंवा त्याने नेमलेला माणूसच हवा. तो मिळत नसेल तर सिलिंडर रिकामा करून बाजूला काढावा आणि नवा घ्यावा, त्यात घासाघीस नको.

आता कायद्याच्या बाजूचे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधली उत्पादन-दायित्वाची तरतूद वाचून लोक खूश होतात, कारण कलम ८६ नुसार उत्पादकाला नोटीस बजावता येत नसेल, किंवा त्याला भारतातला कायदा लागू होत नसेल, तर विक्रेत्यालाही जबाबदार धरता येते. परंतु ती तरतूद वस्तूमुळे झालेल्या इजेसाठी किंवा नुकसानीसाठी आहे, आणि कायद्याच्या व्याख्येत ती वस्तू स्वतःच बिघडणे हे नुकसान धरलेले नाही. सिलिंडर फुटून कोणाला लागले तर कलम ८६ तुमच्या कामाचे आहे, साइटच्या क्लिकसाठी ते नाही. क्लिकसाठी सदोष माल आणि सेवेतील त्रुटी यांची साधी तक्रार करावी लागेल, आणि ती कंपनीबरोबर ज्याने कार्ड डब्यात घालून माल विकला त्या विक्रेत्याविरुद्ध आणि डब्याच्या लेबलवर ज्याचे नाव आहे त्या आयातदाराविरुद्ध करावी. आयात मालाच्या पाकिटावर आयातदाराचे नाव आणि पत्ता असणे वैधमापन नियमांनी बंधनकारक आहे. म्हणून डबा फेकला नसेल तर तो कार्डापेक्षा मोलाचा आहे. कोणी परदेशातून येताना सामानात घालून आणलेली वस्तू असेल तर इथे धरायला कोणीच नसतो, हेही ओघाने सांगतो.

तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे सोलापूरच्या, जिल्हा आयोगात ही तक्रार करता येते, पुण्याला जावे लागत नाही. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, म्हणून विक्रेत्याकडून नकार तोंडी न घेता तारखेसह लेखी घ्यावा. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली तर कित्येकदा विक्रेता तेवढ्यावरच मऊ होतो. तुमच्यापुढे एक अडचण मात्र आहे. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार कायद्याने ग्राहक ठरत नाही. तुम्ही वर्ग चालवता, शुल्क घेता, म्हणून समोरचा वकील पहिला आक्षेप हाच घेईल. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या मालाला सवलत आहे, तेव्हा तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात वर्ग तुम्ही एकटे चालवता आणि त्यावरच घर चालते हे स्पष्ट लिहा. साइट एखाद्या विद्यार्थ्याच्या पालकांच्या नावाने घेतलेली असेल तर तक्रारही त्यांच्याच नावाने करावी.

शिवाय, वर्गात येणाऱ्या कोणाच्या परवान्याच्या बंदुकीचे काम निघाले तर ते साइटच्या कामासारखे लेथवाल्याकडे नेता येणार नाही. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. वर बसणारी दुर्बीण काढून तेवढीच पाठवा, बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडेच जाऊ द्या.

नव्या कंपनीला लिहायच्या तिसऱ्या पत्रात रागाचा एकही शब्द नको. अनुक्रमांक, बिलाची तारीख, डब्यावरच्या लेबलचा फोटो, कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो आणि तीनच प्रश्न: कोणत्या अनुक्रमांकापासून पुढच्या मालाची हमी तुम्ही घेतली आहे, त्याआधीच्या मालासाठी भाग विकत मिळतील का, आणि मिळत नसतील तर बदली मॉडेल सवलतीत देता का. तिसऱ्या प्रश्नाला होकार येण्याची शक्यता लोकांना वाटते त्यापेक्षा जास्त असते, कारण जुन्या ग्राहकाला नव्या मालाकडे आणणे त्यांनाही हवेच असते. बदली साइट आली तर मात्र दोन्ही रायफलींवर एकाच वेळी नवी बसवू नका. एकीवर बसवून महिनाभर क्लिकची नोंद ठेवा, मग दुसरीचा विचार करा.

ढिली झालेली साइट तोवर माझ्याकडे पाठवायची असेल तर आधी शून्यापासून दोन्ही टोकांपर्यंतच्या क्लिक मोजून कागदावर लिहा आणि तो कागद डब्यात ठेवा. आयरिस काढून घ्या, तो मुलांना लागेल. स्प्रिंग आणि गोळी माझ्याकडे आहेत. स्क्रू झिजला असेल तर आठवडा जास्त लागेल, कारण लेथवाल्याकडे सध्या टॉवेलच्या मागांचे काम जोरात आहे.